लाकडातली अर्कचित्रं: आधी दहा चेहरे, मग माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर लाकडात साधे पक्षी-प्राणी कोरून झाले, आता व्यंगचित्रातल्यासारखी माणसं करावीशी वाटतात. त्यासाठी बारा हत्यारांचा संच घेतलात आणि दोन पुतळे केलेत. दोघांचेही चेहरे चपटे झाले, डोळे वटारल्यासारखे दिसतात, अंगं खांबासारखी ताठ. चूक हत्यारांची, लाकडाची की हाताची? सुरुवात कुठून करायला हवी होती? आणि पुढेमागे ओळखीच्या माणसासारखा पुतळा जमेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जमेल. दोन्ही पुतळ्यांचे फोटो मी बराच वेळ पाहिले. हात स्थिर आहे, आणि दोन्ही पाय न मोडता एकमेकांपासून मोकळे केलेत, हे पहिल्या खेपेला सहजासहजी होत नाही. पण चाकूला धार नाही, हे गालावरच्या पांढुरक्या, पिंजलेल्या कापांवरून कळतं. चेहरा तुम्ही लाकडाच्या सपाट बाजूवर काढलात. आणि हा माणूस कोण, कसा, हे न ठरवताच कोरायला बसलात. या तिन्हींत सर्वात महत्त्वाची गोष्ट शेवटची आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करतो.

कॅरिकेचरला मराठीत अर्कचित्र म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याला या कामाचं मर्म पुरतं कळलं होतं असं मला वाटतं. मूळ इटालियन क्रियापद 'कारिकारे', म्हणजे भार चढवणं. आपण म्हणतो अर्क. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की काय करायचं ते स्पष्ट होतं: माणसातलं बाकी सगळं आटवत न्यायचं आणि जे उरेल त्यावर भार चढवायचा. तुमच्या दुसऱ्या पुतळ्याचं नाक मोठं, कान मोठे, पोट मोठं, बूटही मोठे. सगळंच मोठं झालं की काहीच मोठं दिसत नाही. नाक वाढवायचं ठरलं तर हनुवटी आखडती घ्यायची, डोळे बारीक करून नाकाजवळ आणायचे. पोट पुढे काढायचं तर पाय काटकुळे हवेत. एक वाढलं की शेजारचं घटलं पाहिजे.

म्हणून लाकूड हातात घेण्यापूर्वी एका ओळीत लिहा: हा कोण आहे आणि आत्ता त्याला काय होतंय. 'म्हातारा' एवढं पुरत नाही. 'चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधणारा म्हातारा' हे चालतं. ती ओळ लिहिल्याबरोबर मान पुढे येते, कंबर वाकते, भुवया चढतात. कोरायचं काय ते तुम्हाला दिसू लागतं.

आता हत्यारं. संचातली सात हत्यारं डब्यात ठेवून द्या, वर्षभर त्यांची गरज पडणार नाही. एक चाकू हवा, पातं पस्तीस ते चाळीस मिलिमीटर लांब, घडी न होणारं, आणि मूठ तासाभराने हात न दुखवणारी. दुसरा त्याहून लहान, निमुळत्या टोकाचा, डोळे-नाकपुड्यांसाठी. तळहातात मावणाऱ्या पटाश्यांपैकी सहा मिलिमीटरची व्ही आकाराची एक आणि गोल पटाश्या दोन, एक तीन मिलिमीटरची, एक दहाच्या आसपासची. मी इतकी वर्षं कोरतोय, तरी बहुतेक काम अजून त्या पहिल्या चाकूनेच होतं.

चाकू नवा आहे म्हणजे त्याला धार आहे असं समजू नका. बरेच चाकू दुकानातून निघताना कापण्याजोगे असतात, कोरण्याजोगे नसतात. ओळखायचं कसं? मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाला, म्हणजे जिथे तंतू तुटलेले दिसतात त्या बाजूला, एक तिरका काप घ्या. काप झाल्यावर ती जागा उजेडात धरा. मेण लावल्यासारखी चमकत असेल तर धार आहे. धुरकट, पांढुरकी दिसली तर तंतू कापले गेलेले नाहीत, चेंगरले आहेत. चमकत्या पृष्ठभागावर एखादी बारीक रेघ सलग उमटत असेल तर धारेला त्या जागी बारीक खाच पडली आहे. ती रेघ मोठी करून दाखवणारं भिंग मी टेबलावर ठेवतो.

अशी खाच असेल तर धारेच्या दगडावर जावं लागतं. एरवी दगडाची गरज क्वचितच पडते, चामड्याचा पट्टा पुरतो. लाकडी फळीवर चामडं चिकटवा आणि त्यावर हिरवं पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, चोळा. पातं पूर्ण टेकवून धार मागे ठेवत ओढायचं. धारेच्या दिशेने ढकललंत तर चामडंच कापलं जाईल. इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो: ओढ संपताना मनगट नकळत वर उचललं जातं. त्या एका उचलण्याने धार गोलावते आणि माणूस जितका घासतो तितका चाकू बोथट होत जातो. म्हणून ओढ संपली की पातं आधी थांबवा, मग उचला. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा ओढी, आणि हे दर वीस-तीस मिनिटांनी. लाकूड कडक वाटायला लागलं की लाकडाला दोष देण्याआधी पट्ट्याकडे जा.

लाकडाबद्दल. या कामाला जगभर सर्वात जास्त वापरलं जातं ते बासवुड, म्हणजे अमेरिकी लिंडन, आणि युरोपात त्याचंच भावंड असलेलं लाइम. रेषा जवळजवळ दिसत नाहीत, रंग फिका, सगळीकडे सारखं मऊ. लाकडाचा कठीणपणा जान्का कसोटीवर मोजतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती बळ लागतं ते त्यात पाहतात. बासवुडला ४१० पाउंड बळ लागतं, सागवानाला हजाराच्या वर. शिवाय सागवानात सिलिका असते, ती धार खाते. सुंदर लाकूड आहे, पण या कामासाठी ते नको. बालसा उलट्या टोकाचं, इतकं मऊ की कापण्याऐवजी दबतं. बासवुड मिळत नसेल तर नखाची कसोटी लावा: नख दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, पण बोट लावल्यावर तंतू सुटता कामा नयेत. गाठ नको, ठळक रेषा तर नकोच. चेहऱ्यावरून आडवी गेलेली एक गडद रेषा तुमचं सगळं हास्य पुसून टाकते.

फार सुकलेलं लाकूड खडखडीत होतं, टोकाच्या कामात चुरा पडतो. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे-निम्मे घेऊन बारीक फवारा मारा आणि दोन मिनिटं थांबा. डोळे कोरताना मी हे हटकून करतो.

पुढे जाण्यापूर्वी सुरक्षिततेचं सांगतो, कारण यातली एक गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. सुरुवातीच्या काळात मी पुतळा मांडीवर धरून कोरत असे. एकदा चाकू गाठीवरून सटकला आणि पँट कापून मांडीला लागला. जखम उथळ होती, पण ज्या जागी लागली तिथून थोडं आत मांडीची मुख्य रोहिणी जाते. त्या दिवसापासून मांडीवर काम बंद. कोपर टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकवा, काम पायांच्या पुढे ठेवा. धरणाऱ्या हातात सहज न कापला जाणारा हातमोजा, चाकूच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी. हातमोजा ओरखडा थांबवतो, टोक घुसण्यापासून तो वाचवत नाही, म्हणून पटाशीच्या समोर हात कधीच नको. आणि पातं जिथे थांबेल तिथे शरीराचा कुठलाही भाग नसावा, हे प्रत्येक कापाआधी पाहायची सवय लावा.

काप मुळात चारच आहेत. पेन्सिलीला टोक काढताना जसा, तसा पुढे ढकलायचा काप, फक्त जोर धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीवरून द्यायचा. स्वतःकडे ओढायचा काप, मूठ आवळत. थांबाकाप, म्हणजे आधी सरळ खाली एक चीर आणि मग बाजूने तिच्यापर्यंत येऊन ढलपी सोडवायची. आणि तीनकोनी काप: तीन बाजूंनी टोक खुपसून एक बारीक त्रिकोणी ढलपी बाहेर काढायची. हा शेवटचा नीट घोटा. डोळ्याचे कोपरे, तोंडाचे कोपरे, नाकपुडीची बाजू, कॉलरखालची सावली, सगळं त्यानेच होतं. टाकाऊ तुकड्यावर शंभर त्रिकोण काढा. ढलपी आपोआप उडून बाहेर आली तर तिन्ही काप एका बिंदूवर मिळाले. उचकटून काढावी लागली तर एखादा काप अपुरा आहे. उचकटू नका, पुन्हा कापा.

आता मुख्य मुद्दा, चेहरा. तुम्ही ठोकळ्याच्या सपाट बाजूवर चेहरा आखलात आणि आखलेल्या रेघांवरून कोरत गेलात. म्हणजे नाक, गाल, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे, सगळं जवळपास एकाच पातळीवर राहिलं. खरा चेहरा तसा नसतो. आरशासमोर एक बोट नाकाच्या शेंड्यावर आणि दुसरं डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवून बाजूने पाहा, डोळ्याचा कोपरा किती मागे आहे ते बघून नवल वाटेल. चेहरा मागे वळत जातो. हे वळण सपाट बाजूत शोधायला फार लाकूड काढावं लागतं, आणि नवखा माणूस लाकूड काढायला भितो. यावर साधा, जुना उपाय आहे: चेहरा ठोकळ्याच्या कोपऱ्यावर कोरा. कोपरा म्हणजे आयताच नाकाचा कणा, दोन्ही बाजू आधीच मागे उतरलेल्या.

अडतीस मिलिमीटर चौरस आणि वीतभर लांब काठी घ्या, तंतू उभे असतील अशी. वरच्या टोकाला चेहरा, खालचा भाग मूठ म्हणून हातात. कोपरा तुमच्याकडे. त्यावर तीन खुणा करा: भुवई, नाकाचा तळ, हनुवटी. खऱ्या चेहऱ्यात केसांच्या सुरुवातीपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी ही अंतरं साधारण सारखी असतात. इथेच तुमचा भार चढवून टाका. लांब नाक्या करायचा असेल तर मधला भाग दुप्पट, हनुवटीचा निम्मा.

भुवईखाली कोपऱ्यात एक खाच पाडा. वरची बाजू आखूड, भुवईच्या खाली शिरणारी, खालची बाजू लांब, नाकाच्या उतारासारखी. दोन्हीकडून खोल भागाकडे कापत यायचं, खोलातून वर चढत कापलंत की लाकूड फाटेल. मग नाकाच्या तळाशी थांबाकाप, आणि ओठांच्या जागेवरून वर येत त्याच्यापर्यंत ढलपी काढा. एवढ्यात बाजूने पाहिलं तर नाक पुढे आलेलं असतं. आता नाकाच्या दोन्ही बाजू उभ्या थांबाकापांनी आवळा, आणि नाकाच्या मुळापासून बाहेर-खाली तिरके काप घेऊन डोळ्यांच्या खोबण्या काढा. लोक या खोबण्या निम्म्याच खोल करतात. तुम्हाला पुरेशा वाटल्या की आणखी एक ढलपी काढा.

तोंडाचं सर्वात चुकतं. तोंड ही सपाट गालावर ओढलेली रेघ नाही. दातांची कमान आत असते, त्यामुळे नाकाखालचा सगळा भाग घागरीच्या पोटासारखा पुढे फुगलेला असतो. नाकपुडीच्या बाजूपासून हनुवटीच्या बाजूपर्यंत व्ही पटाशीने एक वळण काढा, वळणाच्या आतला भाग गालापेक्षा खाली उतरवा आणि मग तो गोल करा. हा फुगवटा झाल्यावरच त्यावर तोंडाची रेघ. रेघ फुगवट्यावरून मागे वळत जाते, म्हणून समोरून ती आपोआप जिवंत दिसते. कोपऱ्यांत एकेक त्रिकोण, खालच्या ओठाखाली गोल पटाशीचा एक काप, बस.

आता काठी उभी धरून वरून पाहा. सर्वात पुढे नाकाचा शेंडा, त्याच्यामागे ओठ, मग डोळे, मग गालांची बाहेरची कड आणि डोक्याच्या मध्याच्याही मागे कान. ही उतरंड दिसली तर चेहरा जमला, समोरून कसाही दिसो. वरून पाहण्याची सवय मला कोणी सांगितली नव्हती, स्वतः सापडायला बरीच वर्षं गेली. तुम्ही पहिल्या काठीपासून लावून घ्या.

असे दहा चेहरे करा. दहांत डोळे करू नका. मी हे अगदी मनापासून सांगतोय, कारण डोळ्यांच्या ओढीने लोक खोबण्या उथळ ठेवून घाई करतात आणि मग डोळे वटारलेले दिसतात. खोबणी नीट खोल असेल तर नुसती सावलीसुद्धा बघत असल्यासारखी वाटते. दहाही काठ्यांवर क्रमांक आणि तारीख टाका आणि ओळीने मांडून ठेवा. कुठला चेहरा चांगला, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

अकराव्याला डोळे. खोबणीत आधी वाटाण्यासारखा गोल उंचवटा ठेवा, सपाट जागेवर डोळा कोरू नका. वरच्या पापणीची चीर, खालच्या पापणीची चीर, दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोण. मग चिरांच्या आतलं बुबुळाचं लाकूड अगदी हलक्या हाताने गोल करत खाली उतरवा, म्हणजे पापण्या वर राहतील. वरची पापणी खालच्यापेक्षा थोडी पुढे असते. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. एक काप इकडे, तोच काप तिकडे. आणि ज्या बाजूला तुमचा हात अवघडतो ती बाजू आधी करा. सोपी बाजू अवघड बाजूशी जुळवता येते, उलट करायला गेलं की दोन्ही डोळे कापत कापत लहान होतात.

तुमचे पुतळे हसत असूनही हसल्यासारखे वाटत नाहीत, त्याचंही कारण डोळ्यातच आहे. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन भावमुद्रांचा अभ्यास केला आणि तो १८६२ साली प्रसिद्ध केला. त्याने दाखवलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो. कोरणाऱ्यासाठी याचा अर्थ असा: गाल वर चढवा, खालची पापणी फुगवून सरळ करा, डोळ्याच्या बाहेर दोन-तीन सुरकुत्या पाडा. नुसते ओठ वर केले तर माणूस फोटोसाठी थांबल्यासारखा दिसतो. रागासाठी भुवयांची आतली टोकं खाली, दुःखासाठी तीच वर. भुवईचा तिरकेपणा थोडा जरी बदलला तरी अख्खा माणूस बदलतो, म्हणून भुवईला लाकूड राखून ठेवा, ती शेवटी ठरवा.

चेहरे हाताला बसले की अंगाकडे. अंग ताठ होतं कारण आपण समोरून चित्र काढतो, खांदे आडवे, कंबर आडवी, नाक सरळ पुढे. माणूस असा फक्त कवायतीत उभा राहतो. एरवी वजन एका पायावर असतं, त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. कागदावर खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ एकमेकींच्या उलट कलवा, डोकं तिसरीकडे वळवा. एवढ्या तीन रेघांनी पुतळा सैलावतो. ठोकळ्यातच डोकं वळवायचं असेल तर सोपी युक्ती म्हणजे डोकं वेगळं कोरून गळ्याच्या खाचेत बसवणं. मग चिकटवण्याआधी ते फिरवून फिरवून पाहता येतं. अगदी थोडं वळवलं तरी तो कुणाकडे तरी बघू लागतो.

मी आधी प्लॅस्टिसिनचा, म्हणजे खेळण्याच्या मऊ मातीचा, माणूस करतो, तळहाताएवढा, अर्ध्या तासात. मातीत चूक झाली तर अंगठ्याने पुसली जाते. त्याचे समोरून आणि बाजूने फोटो घेऊन बाह्यरेषा ठोकळ्याच्या दोन बाजूंवर उतरवायच्या आणि करवतीने जादाचं लाकूड काढायचं. पहिल्या माणसाची उंची सव्वाशे ते दीडशे मिलिमीटर ठेवा. लहान म्हणजे सोपा असं वाटतं, पण लहानात बोटं आणि नाक चाकूच्या टोकाखाली मोडतात. खरा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. अर्कचित्रात चार ते पाच डोकी पुरेत, म्हणजे चेहऱ्याला जागा मिळते.

तंतूंचा विचार मात्र आधीच करा. पाय उभे तर तंतू उभे. पुढे काढलेला हात त्याच ठोकळ्यातून आडवा कोरलात तर मनगटाशी आडवे तंतू येतात आणि तो मोडणारच. असा हात वेगळ्या तुकड्यातून, तंतू हाताच्या लांबीने धावतील असा कोरून बाहीत बसवा. सुरुवातीला हात खिशात किंवा पाठीमागे बांधलेले ठेवले तर आणखी बरं. मोडलंच काही तर तुकडा फेकू नका, लाकडाच्या गोंदाने सांधा बेमालूम बसतो.

खडबडीत आकार काढताना डोळे मिचकावून फक्त मोठे पैलू बघा. या बाबतीत स्वीडनच्या अ‍ॅक्सेल पीटर्सन यांचं काम जरूर पाहा. १८६८ ते १९२५ हा त्यांचा काळ, आणि गावाच्या नावावरून लोक त्यांना डोदरहुल्टार्न म्हणत. आल्डरच्या लाकडात त्यांनी गावातली थकलेली, वाकलेली, वाट बघणारी माणसं कोरली. चाकूचे मोठे सपाट काप तसेच ठेवलेले, कुठेही घासून गुळगुळीत केलेलं नाही. डोळे म्हणजे बऱ्याचदा नुसती खोबणी. पण त्या माणसाच्या पाठीत किती वर्षांची मेहनत आहे ते तुम्हाला कळतं. ही सपाट कापांची पद्धत पुढे स्कँडिनेव्हियन कोरीवकामाची ओळखच झाली आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. तिकडे १९९० साली कॅरिकेचर कार्व्हर्स ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. तिच्या सदस्यांच्या कामात बारकावे आणि रंग खूप जास्त असतात. दोन्ही बघा. पण शिकताना पीटर्सन यांच्या बाजूने उभे राहा, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे लपायला जागा नाही. पैलू चुकला की माणूस चुकला.

म्हणूनच पॉलिशकागद नको. तो पैलू खातो, आणि त्याचे कण लाकडात अडकून पुढच्या कापाला चाकूची धार घालवतात. काप स्वच्छ नसेल तर चाकूला धार लावून पुन्हा कापा.

कपड्यांच्या चुण्या मनाने काढू नका. कोट घालून आरशासमोर हात वाकवा. चुण्या कोपराच्या आतल्या बाजूला एकवटतात आणि बाहेरच्या बाजूला ताण असतो. गुडघ्यामागे आणि बुटांवर कापड जमतं, खांद्यावर जवळजवळ काही नसतं. व्ही पटाशीने चुणी पाडली की तिची एक कड चाकूने गोल करा, दुसरी धारदार राहू द्या. दोन्ही कडा सारख्या राहिल्या तर ती चुणी न दिसता खाच दिसते.

रंग थोडक्यात. आधी मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने पुतळा धुवा, पेन्सिल आणि हाताचा मळ जातो. सुकल्यावर उकळलेल्या जवसतेलाचा पातळ हात द्या, रंग तंतूंतून पसरत नाही. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेल पूर्ण सुकल्यावर ॲक्रिलिक रंग पाण्याने खूप पातळ करून लावा, लाकूड खालून दिसलं पाहिजे. चेहऱ्याचा रंग ओला असतानाच नाकाचा शेंडा, गाल आणि कानांना किंचित लाल. दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका एकाच बाजूला, नाहीतर नजर फाटते.

राहिला ओळखीच्या माणसाचा प्रश्न. इथे लोक चेहऱ्याचे फोटो जमवतात, आणि नाक तंतोतंत आलं तरी माणूस येत नाही. आपण ओळखीच्या माणसाला लांबून, पाठमोरा चालत असतानाच ओळखतो, मग अर्क नाकात कसा सापडेल? मी माझ्या काकांचा पुतळा तीनदा केला. पहिल्या दोन्हींत त्यांचं बाकदार नाक होतं, जाड चष्मा होता, आणि ते काका नव्हते. मग एकदा ते कुणाशी तरी बोलत उभे असताना मी लांबून बघत राहिलो. समोरच्याचं बोलणं ऐकताना ते डावा कान पुढे करत, त्यामुळे उजवा खांदा मागे जाई, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत असत, एका हाताचा अंगठा सतत दुसऱ्याच्या तळव्यावर फिरणारा. तिसऱ्या पुतळ्यात मी नाक साधंच ठेवलं. कान मोठा केला, अंग त्या बाजूला कलवलं, पाठीमागच्या हातांना दोन संध्याकाळी दिल्या. काकूंनी तो मागच्या बाजूने पाहिला. चेहरा बघायला त्यांनी पुतळा फिरवलाच नाही. त्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे असंच करतात ते."